रोहनच्या बहिणीला नाव हवंय: ब्रिटिश, जरा वेगळं, पण सांगलीच्या आजीला हाक मारता येईल असं

डोंगरवेडी
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आम्ही स्कॉटलंडमध्ये पर्थजवळ राहतो. नवरा इथलाच, मी सांगलीची. मोठा रोहन साडेचार वर्षांचा. पाच-सहा आठवड्यांत त्याला बहीण येतेय (इथे स्कॅन करतानाच सांगतात, म्हणून माहीत).

रोहनचं नाव आयतं सापडलं होतं. सासऱ्यांच्या फाटकाशी रोवनचं झाड आहे, लाल फळांच्या घोसांचं. चेटकीण आत येऊ नये म्हणून इथे जुन्या घरांपुढे लावत. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची, तसंच. आपण रोहन लिहिलं की इथले लोक ‘ह’ गिळून रोअन म्हणतात, म्हणजे जवळजवळ त्यांचं झाडच झालं. आईसाठी तो रोहन. एकाच स्पेलिंगात दोन्ही घरं खूश. फक्त सासरे लाडात आले की झाडाचा अस्सल स्कॉटिश उच्चार करतात, ‘रावन’. आईला अजून वाटतं ते नातवाला रावण म्हणतात.

आता मुलीलाही असंच हवंय. अटी:
नवऱ्याची: नाव या बेटावरचं हवं. माया, तारा, अन्या नकोत. ओळखीच्या प्रत्येक मिश्र घरात एकेक आहे.
माझी: फार चलनी नको. रोहनच्या नर्सरीत तीन ऑलिव्हिया आहेत.
आईची: ‘मला म्हणता आलं पाहिजे.’
आणि रोहनशेजारी शोभायला हवं. जिन्याखालून दोघांना एका दमात हाक मारून बघायची.

सुचवा.

चहाबाज
आयला! बाकी काही सुचेना म्हणून नाही, खरंच नाव आहे. आय-एस-एल-ए अशी अक्षरं दिसतात पण उच्चार आयला. तिकडे भलतंच लोकप्रिय आहे म्हणे.

डोंगरवेडी
@चहाबाज, नवऱ्याची पहिली पसंती तीच होती! आईला फोनवर सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘बरं, आणि मुलगी रागावली की ती काय म्हणेल?’ विषय संपला.

उगाच
पुढे शाळेत हजेरी. ‘आयला!’ ‘हजर!’

मिरजकर
ज्या बेटावरून ते नाव आलं त्या आयलाची व्हिस्की धुरकट असते. ग्लास हातात आला की मराठी माणसाच्या तोंडून नाव आपोआप बरोबर निघतं.

पानसुपारी
मी जरा वेगळं बोलते, रागावू नकोस. मराठी नावांत काय कमी आहे? रोहन मराठी, मग मुलगीच का इंग्रजाळलेली? रोहिणी ठेव. रोहन-रोहिणी. अर्थ जुळतो, अक्षर जुळतं, नक्षत्रही आहे.

डोंगरवेडी
@पानसुपारी ताई, राग कसला. पण आमच्या वाड्यात सुनीता, विनीता आणि पुनीता राहायच्या. आजोबा एकीला हाक मारायचे आणि तिघी यायच्या, किंवा तिघीही यायच्या नाहीत. तेव्हापासून यमकाची धास्ती घेतलीय. शिवाय रोहन इथे मराठी म्हणून चालत नाही, झाड म्हणून चालतो. तिलाही इथलं काहीतरी मिळू दे.

अष्टपैलू
यमकाबद्दल अनुमोदन. माझं नाव आणि भावाचं नाव एका मात्रेने वेगळं आहे. बँकेपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे आम्ही एकच इसम आहोत.

कार्डिफकर
वेल्समध्ये अकरा वर्षं काढली, म्हणून अधिकाराने बोलतो. वेल्श नावं आपल्या जिभेला सोपी. सेरेन म्हणजे तारा. तारा नको असेल तर सेरेन, म्हणजे नवऱ्याच्या नकळत तारा! कॅरिस ‘प्रेम’ या शब्दावरून. एइरा म्हणजे बर्फ. आणि माझं आवडतं ऑल्वेन. जुन्या वेल्श गोष्टीत ही मुलगी जिथे पाऊल टाकते तिथे चार पांढरी फुलं उगवतात. आमच्या शेजारच्या आजींचं नाव ऑल्वेन होतं. त्यांच्या अंगणात मात्र काही उगवत नसे.

उगाच
एइरा, आणि भावाचे मित्र गैरा.

डोंगरवेडी
@कार्डिफकर, ऑल्वेन सुंदर आहे. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘वेल्श? आपण?’ कोल्हापूरकराला सावजी रस्सा वाढल्यासारखा चेहरा.

सातारी_कंदी
मायरा ठेव ना! पुण्यात आमच्या सोसायटीतच चार आहेत. इंग्रजीही वाटतं आणि आपलंही.

थेम्सकाठी
@सातारी_कंदी, कृपा करून नको. लंडनला आमच्या नणंदेने तेच ठेवायचं ठरवलं होतं. शेजारच्या सत्तरीच्या बाई ऐकून एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘आमच्या वयाच्या माणसांना त्या नावाने एकच बाई आठवते.’ मायरा हिंडली. १९६६ साली लहान मुलांच्या खुनांसाठी तिला जन्मठेप झाली. त्यानंतर इथल्या लोकांनी ते नाव जवळपास टाकूनच दिलं. तरुणांना माहीत असेलच असं नाही, पण स्कॉटलंडच्या आजी-आजोबांसमोर बारशाला ते नाव घेणं म्हणजे… मुळात नाव कवी फल्क ग्रेव्हिलने वापरात आणलेलं, कवितेतली प्रेयसी होती. बिचारीचं नशीब.

सातारी_कंदी
बाप रे. आमच्या चौघी आता वेगळ्याच दिसणार मला.

मोरपीस
कवींनी घडवलेल्या नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ‘जुनी, घरंदाज’ वाटणारी कितीतरी इंग्रजी नावं कुणीतरी टेबलाशी बसून बनवलेली आहेत. पामेला सर फिलिप सिडनीची. व्हेनेसा जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहॉम्री या मैत्रिणीच्या आडनावाचा पुढचा तुकडा आणि एस्थरचं लाडकं रूप जोडून केलं. वेंडी हे नाव आज घराघरांत आहे ते जे. एम. बॅरीच्या १९०४च्या नाटकामुळे. एक छोटी मुलगी त्याला ‘फ्रेंडी’ म्हणायला जायची, ‘र’ येत नसल्याने ‘फ्वेंडी’ व्हायचं, त्यातून वेंडी. म्हणजे बोबड्या बोलातून नाव!

आणि माझी शिफारस इमोजेन. शेक्सपिअरच्या राजकन्येचं नाव, पण बहुतेक छापखान्याची चूक. १६११ साली सायमन फोरमनने नाटक पाहून केलेल्या टिपणात ‘इनोजेन’ आहे. १६२३च्या छापील संग्रहात दोन ‘न’ एकत्र होऊन ‘म’ झाला असावा. चार शतकं मुली मुद्रणदोषाचं नाव लावून हिंडतायत.

मिरजकर
माझ्या शाळेच्या दाखल्यावर मी ‘मिजरकर’ आहे. चारशे वर्षांनी बघू.

डोंगरवेडी
@मोरपीस, मस्त माहिती. इमोजेन नवऱ्याला ‘फार इंग्लिश’ वाटतं (हा शब्द इथे कौतुकाने वापरत नाहीत). आईने म्हणून पाहिलं: ‘ईमोजी’.

गोंयकार_काका
बाय, आमच्या गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत या नावांचा खजिना पडून आहे. डोरिस, हिल्डा, मेबल, आयव्ही, व्हायोलेट. तिकडे आता आयव्ही आणि मेबल पुन्हा फॅशनमध्ये आल्यात, आमच्या मावशांना कळलं तर मिरवतील. लॉर्ना ठेवा. एका कादंबरीकाराने १८६९ साली नायिकेसाठी वापरलं, स्कॉटलंडातल्या लॉर्न या भागाच्या नावासारखं. पण आम्हांला त्याच्याशी काय? गोव्यात लॉर्ना म्हटलं की एकच, कोंकणी गाणारी. तो आवाज ऐकलाय का तुम्ही? मी तरुणपणी म्हापशात ऐकला, अजून कानात आहे.

डोंगरवेडी
काका, लॉर्ना मला मनापासून आवडलं. पण इथे ते नाव नवऱ्याच्या शिक्षिकांच्या वयाचं आहे. हेदर, फियोना, मोराग, लॉर्ना ही सगळी आपल्या शुभदा, सुनंदा, मंदाकिनी. मधली पिढी. फार जुनी झाली की परत गोड वाटतात, मधली कुणालाच नको असतात.

शुभदा_डोंबिवली
वाचतेय बरं का मी सगळं.

डोंगरवेडी
😀 तुम्हाला सोडून हो!

चहाबाज
मग स्कॉटिशच धुंडाळू. यादी उघडली आणि मराठी कान लावून वाचली:
एल्सा. त्यांच्या समुद्रातला एक मोठा खडक आहे, कर्लिंगचे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे बनतात. आपल्याकडे ‘आळसा’.
ऊना. ‘काय उणं आहे हिच्यात?’
शोना. हे तर त्यांचंही नाव आणि आपलंही बाळबोबडं. पण चाळिशीत ऑफिसात ‘शोना, जरा ती फाइल दे’?
सेंगा. अ‍ॅग्नेस उलटं वाचलं की सेंगा, असं तिकडचे लोक सांगतात. भाजलेल्या की खारवलेल्या?

उगाच
रोहन आणि शेंगा. मी मत दिलं.

पानसुपारी
इतकं हसले की दूध उतू गेलं. पण मुद्दा तोच. परक्या भाषेतलं नाव आपल्या कानाला काय ऐकू येईल ते आधी बघावं.

थेम्सकाठी
@पानसुपारी, आणि उलटंही. आपली कितीतरी सुंदर नावं तिकडच्या वर्गात चेष्टेचा विषय होतात. आमच्या लेकीच्या नावात ‘ज्ञ’ आहे. रिसेप्शनवर बोलवायला येतात तेव्हा कागदाकडे बघून जो जरासा थांबतात ना, तो थांबा म्हणजे तिचं नाव. ती स्वतः आता तशीच उठून उभी राहते.

खिडकीतून
वारी.

सातारी_कंदी
@खिडकीतून, कुठली? आषाढी झाली की.

खिडकीतून
नाव म्हणून. स्कॉटिश गेलिकमध्ये मेरीचं रूप ‘मारी’. तिला हाक मारताना, म्हणजे संबोधनात, ‘म’चा ‘व’ होतो, ‘वारी’. स्पेलिंग एम-एच-ए-आय-आर-आय. तेच रूप मग वेगळं नाव म्हणून ठेवू लागले. म्हणजे हे नाव मुळातच हाकेचं आहे. जिन्याखालून मारायला यापेक्षा योग्य काय? आणि आपल्या कानाला काय ऐकू येतं ते मी सांगायला नको.

मोरपीस
अंगावर काटा आला. संबोधन विभक्तीचं नाव! आपण ‘मुली’, ‘बाळा’ म्हणतो तशी हाकच नाव होऊन बसली.

पानसुपारी
आता मात्र माझा विरोध मागे. माझे सासरे आळंदीहून चालत जायचे. नातीला वारी म्हणता आलं असतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

डोंगरवेडी
दुपारपासून हेच नाव म्हणतेय. आईला सांगितलं, तिने फोनवर हात जोडले. पण एक गोची. नवऱ्याची चुलतबहीण याच स्पेलिंगची आहे, पण तिला सगळे ‘मारी’ म्हणतात. नवरा म्हणतो, अर्धं स्कॉटलंड वारी म्हणतं, अर्धं मारी, आणि इंग्लंडात गेली की ‘म्हायरी’. जन्मभर दुरुस्त करत बसावं लागेल. शिवाय घरात आधीच एक आहे म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळावर आठी.

उगाच
मारी म्हणजे बिस्किट. आजीला चहासोबत चालेल.

कार्डिफकर
धाग्यात मधेच शिरतो, पण रजिस्ट्रेशनची मुदत लक्षात आहे ना? इंग्लंड-वेल्समध्ये ४२ दिवस, तुमच्याकडे फक्त २१. आम्ही एकेचाळिसाव्या दिवशी रांगेत उभे राहून बायकोशी भांडलो होतो.

अष्टपैलू
@डोंगरवेडी ‘वेगळं’ नाव हवंय पण किती वेगळं? इंग्लंड-वेल्सच्या सरकारी यादीत तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव छापतच नाहीत. ते म्हणजे खरं वेगळं. पण तिथे गेलं की प्रत्येक काउंटरवर स्पेलिंग सांगणं आलं. माझ्या मते माणसांनी ऐकलेलं, पण वर्गात एकच असलेलं नाव उत्तम. आपल्याकडच्या मृणालसारखं.

चार_थडगी
पहिल्यांदाच लिहितेय. एडिंबरात सहा वर्षं नोकरी केली. पहिल्या वर्षी ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून डबा घेऊन जुन्या चर्चच्या आवारात जाऊन बसायची. पोळी-भाजी खाता खाता थडग्यांवरची नावं वाचायची. यूफेमिया, ग्रिझेल, इसोबेल, मॅरियन. अर्धी अक्षरं शेवाळाने खाल्लेली. एकीचं नाव लिलिअस होतं. लिलिअनचं जुनं स्कॉटिश रूप. मला ते इतकं आवडलं की रोज तिच्या शेजारीच बसायची. दुसऱ्या वर्षी मैत्रिणी झाल्या आणि मी जायची थांबले. मूल झालं नाही, त्यामुळे नाव माझ्याकडे तसंच पडून आहे. घ्या.

आईला ‘लीला’ म्हणता येईल.

डोंगरवेडी
@चार_थडगी, काय लिहू कळत नाही. थांबा, जिन्याखाली जाऊन येते.

डोंगरवेडी
‘रोहन! लिलिअस!’ जमतंय. रोहनचं नाव ‘न’वर बंद होतं, तिचं ‘स’वर निसटतं. एकमेकांत मिसळत नाहीत.

मोरपीस
नाव सुरेखच. पण सांगितलं नाही असं नको म्हणून सांगते. फाइफच्या किनाऱ्यावर टॉरीबर्न गावात लिलिअस एडी म्हणून एक बाई होत्या. १७०४ साली चेटकीण ठरवून छळलं, कबुली घेतली, शिक्षेआधीच कोठडीत वारल्या. पुन्हा उठून येऊ नये म्हणून भरती-ओहोटीच्या चिखलात पुरून वर भलीमोठी शिळा ठेवली. २०१७ साली डंडी विद्यापीठाने कवटीच्या जुन्या छायाचित्रांवरून त्यांचा चेहरा घडवला. साध्या, प्रेमळ आजीचा चेहरा आहे हो.

मिरजकर
थांबा थांबा. भावाचं झाड कशासाठी लावतात म्हणालात?

डोंगरवेडी
चेटकीण घरात येऊ नये म्हणून.

मिरजकर
आणि बहिणीचं नाव…

डोंगरवेडी
सख्खी भावंडं म्हटल्यावर एवढं वैर चालायचंच. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो हसत हसत खुर्चीवरून खाली. म्हणतो याहून ‘जोडीचं’ नाव मिळणार नाही.

पानसुपारी
मला नाही पटत. कुणा दुर्दैवी बाईचं नाव लेकराला कशाला? सीतेचं नावही पूर्वी ठेवायला कचरत लोक.

थेम्सकाठी
@पानसुपारी, पण मग मायराला तुम्ही काय म्हणाल? तिने केलं होतं, हिच्यावर केलं गेलं. मला तर हे नाव पुन्हा घराघरांत हाक मारून घ्यावं असंच वाटतं.

पानसुपारी
हं. हा फरक आहे खरा. विचार करते.

गोंयकार_काका
तरीपण लॉर्ना.

डोंगरवेडी
(साडेआठ आठवड्यांनी) मंडळी, धागा वर काढतेय. मुलगी झाली! दोघी ठणठणीत. आई सांगलीहून आलीय, अळीव-डिंक सगळं कस्टममधून पार करून.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा नव्हता, कपड्यांच्या वेताच्या टोपलीला झेंडूची माळ बांधली. नणंद ग्लासगोहून आली होती. आत्याने कानात कुर्र करायचं असतं हे तिला समजावलं, आणि काय सांगू, स्कॉटिश माणसाचा ‘र्र’ जन्मजात असतो! एवढं दणदणीत कुर्र सांगलीत कुणी ऐकलं नसेल. बाळ दचकून रडायला लागलं. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करताना सासरे मधेच उभे राहून आपलीही पाळी मागू लागले. घुगऱ्या सगळ्यांनी व्हिनेगर घालून खाल्ल्या, त्याबद्दल आई वेगळा धागा काढेल.

एकोणिसाव्या दिवशी रजिस्ट्रारकडे नोंद केली. पहिलं नाव लिलिअस, मधलं वारी, एम-एच वालं. चुलतबहिणीची परवानगी घेतली, ती खूश आहे. आई लीला म्हणते आणि निजवताना वारी. @चार_थडगी, तिचा फोटो व्यक्तिगत निरोपाने पाठवलाय.

चार_थडगी
पाहिला. ऑफिसात होते, जिन्यात जाऊन पाहिला. पुढच्या वर्षी येतेय तिकडे, तिला न्यायचं का डबा खायला?

पानसुपारी
अभिनंदन! औक्षवंत हो. आमच्या देवघरात तिच्या नावाने दिवा लावला, तिन्ही नावं घेऊन.

शुभदा_डोंबिवली
अभिनंदन. मधल्या पिढीतर्फे.

उगाच
रोहन काय म्हणतो?

डोंगरवेडी
तो विषय नको. बाळ यायच्या आधी मी हा धागा त्याच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते, तेव्हा तो सोफ्यामागे खेळत होता. बहिणीला तो पहिल्या दिवसापासून शेंगा म्हणतो. नर्सरीतही तसंच सांगून आलाय. काल सासूबाईही म्हणाल्या, ‘शेंगा झोपली का?’